मोजा आणि कालुचील

परवा दुपारी पाऊस जरा उघडला म्हणून ट्रंकेतले लोकरीचे कपडे वाऱ्यावर घालायला काढले. बेळगावच्या श्रावणात उघडीप म्हणजे फार तर अर्धा तास. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला आणि तळातून एक राखाडी मोजा निघाला. एकच.

शेजारच्या अक्का दारातून डोकावल्या. "येन माडाकत्तीरी?" काय करताय, असं कन्नडात विचारलं. मी मोजा वर करून दाखवला. "हां, कालुचील," म्हणाल्या आणि वाळत घातलेल्या साड्या काढायला गच्चीवर पळाल्या.

कालु म्हणजे पाय, चील म्हणजे पिशवी. पायाची पिशवी. इतकी वर्षं हा शब्द खडेबाजारात, बसमध्ये, कुठं कुठं कानावर पडत आलाय, पण त्या दुपारी मला त्याचा चक्क राग आला. पिशवी कशी म्हणता? पिशवीत कांदे बटाटे घालतात.

आपला शब्द बघा. तो फारसीतून आलाय, तिकडं बुटालाच मोजा म्हणायचे, हे मला ठाऊक आहे. तरी सुया हातात घेतल्या की मला तो आज्ञार्थीच ऐकू येतो. मोजा! आधी मोजा, मग विणा. दुकानातल्या त्या 'फ्री साइज' मोज्यांना खुशाल कालुचील म्हणा, माझी हरकत नाही. टाच घोट्यावर चढते, बोटांपुढं शेंडा लोंबतो, आणि संध्याकाळी काढल्यावर पिंडरीवर रबराचं लाल कडं. बारा नंबरच्या पायालाही तोच आणि पाचच्यालाही तोच!

मला मोजे शिकवले काकूंनी. आम्ही तेव्हा वडगावात राहायचो, घरात अण्णांचा माग. काकू समोरच्या घरात. त्यांचे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळं काकूंची निम्मी जिंदगी पठाणकोट नि डेहराडूनकडं गेलेली. परत आल्या त्या सुया, लोकर आणि थोडी हिंदी घेऊन. तेरा नंबरच्या चार सुया, दोन्हीकडं टोक असलेल्या. सुयांचा हिशेब आपल्याकडं उलटा, नंबर चढेल तशी सुई बारीक. तेरा म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. तीन सुयांवर टाके, चौथी हातात, आणि पहिले दोन दिवस मांडीवर साळिंदर घेऊन बसल्यासारखं.

"कुणाचा पाय?" हा काकूंचा पहिला प्रश्न. नमुना नंतर, रंग तर त्याहून नंतर. मी म्हटलं, अण्णांचा. पावसाळ्यात मागाच्या खड्ड्याला ओल धरायची आणि अण्णा दिवसभर त्यात पाय सोडून पावड्या मारायचे. रात्री पाय बर्फासारखे.

त्यांना कळू नये म्हणून मी गुपचूप चपलेचं माप घेतलं. काकूंनी ते कागदावरचं चित्र बघितलं आणि फाडून टाकलं. "चप्पल घालणार हायस का मोज्यात?" मग मला अण्णांचा पाय धरावाच लागला. बोटांच्या मागं, जिथं पाय सगळ्यात रुंद असतो तिथं टेप फिरवली. नऊ इंच. विणीत इंचाला आठ टाके, म्हणजे बहात्तर. मी बहात्तर घालायला निघाले तर काकूंनी हात धरला. चौसष्ट. मोजा पायापेक्षा दहाव्या हिश्शानं लहानच हवा, ताणून बसला तरच बसला. बरोबर मापाचा केला की ढगळा होतो. चौसष्टला चारनं भागही जातो, म्हणजे वरची पट्टी दोन सुलट दोन उलट बिनबोभाट फिरते.

पट्टी आणि पिंडरी गप्पा मारत होतात. टाचेला मात्र तोंड मिटायचं. निम्मे, म्हणजे बत्तीस टाके एका सुईवर, आणि त्यांच्यावरच बत्तीस ओळी मागंपुढं. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे कडेला सोळा सोळा साखळ्या तयार होतात आणि पुढं त्यातूनच नवे टाके उचलता येतात. मग मधल्या थोड्याच टाक्यांवर विणायचं, वळायचं, परत विणायचं, वळायचं. बघता बघता सपाट पट्टीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. हे मी आजवर शंभर वेळा तरी केलं असेल. वाटी उठते त्या क्षणी अजूनही मी आजूबाजूला बघते, कुणी बघतंय का म्हणून.

माझे टाके मी मागाच्या तालावर मोजायची. आत खट-खट, बाहेर कट्ट्यावर एक-दोन. कांडी संपली, धोटा थांबला, की माझाही हिशेब चुकायचा.

अण्णांना हे विणणं म्हणजे विणणं वाटतच नव्हतं. एकदा माग थांबवून ते कट्ट्यावर आले, मोजा उलटासुलटा करून बघितला. "ह्याला ताणा न्हाई, बाणा न्हाई. एकच दोरा की गे. टोक वडलं तर सगळं सुटतंय." साडी विणणाऱ्या माणसाला ते भिकारच वाटणार. मी म्हटलं, म्हणून तर ताणतंय. त्यांनी ताणून बघितलं, सोडलं, परत ताणलं. "खरं पायाला बरं वाटंल," एवढं म्हणून आत गेले.

लोकरीचे प्रयोग मी पुढं खूप केले. ॲक्रिलिकचे मोजे दुसऱ्या धुण्याला ढिले पडले. चिंचलीकडच्या धनगराकडून सूत आणलं, तर ती लोकर घोंगडीची, चिंचोक्याची खळ पिऊन ताठ उभी राहणारी. तिच्या मोज्यांत पाय घातला की कुसळात चालल्यासारखं. शुद्ध मऊ लोकर आणली ती मीच गरम पाण्यात घातली आणि अण्णांचे मोजे भाच्याला झाले. आता पाऊण लोकर, पाव नायलॉन, शंभर ग्रॅममध्ये जोड होतो. नमुने जाळीचे, वेण्यांचे, सगळे करून झाले. बुटात कुणाला दिसतात? शेंडा मात्र मी अजून काकूंसारखाच शिवते, सुईनं टाक्याला टाका जोडून, शिवण न उठवता. त्याला किचनर म्हणतात, 1902 ते 1909 हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता त्याच्या नावानं. तो गृहस्थ सुई घेऊन बसला असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

तर तो ट्रंकेतला मोजा. टाचेशी हात गेला आणि बोटाला काहीतरी वेगळंच लागलं. टाच कधीतरी झिजून भोक पडलेलं, आणि ते भोक बुजवलेलं होतं. मी नव्हे. रुपयाएवढी चौकोनी जागा, तांबड्या सुताची, साडीच्या काठातलं उरलेलं असावं. उभे दोरे, त्यांतून एक सोडून एक आडवे, फणीनं ठोकल्यासारखे घट्ट. माझ्या एकेरी दोऱ्यात अण्णांनी त्यांचा ताणा-बाणा घालून ठेवला होता. मला न सांगता. ती जागा अजिबात ताणत नाही. टाचेला बोचलीच असणार. बोलले नाहीत कधी.

शेवटच्या वर्षी त्यांचे पाय सुजायचे. सकाळचं माप संध्याकाळी नाही. चौसष्टचे मोजे चढेनात, मग बहात्तर केले, मग ऐंशी, आणि मग मी टेप ठेवून दिली. जाड सुया घेतल्या, न मोजता टाके घातले, टाच वळवली नाही, पट्टी धरली नाही. सरळ नळी, टोकाला गाठ. चांगली दोन वीत रुंद. त्यात मात्र त्यांचे पाय नीट राहायचे.

ती जोडी ट्रंकेत नाही. कुठं गेली, आठवत नाही. पाऊस पुन्हा आला तेव्हा कपडे अजून बाहेरच होते.