स्तांत्सा म्हणजे खोली

इटलीतल्या बोलोन्यात आले तेव्हा पहिला आठवडा नुसती खोली शोधण्यात गेला. इथे रस्त्याच्या कडेने कमानींखालून लांबच लांब ओसऱ्या आहेत, पोर्तिको म्हणतात त्यांना, आणि तिथल्या खांबांवर भाड्याच्या जाहिरातींचे कागद चिकटवलेले असतात, खाली फोन नंबरच्या पट्ट्या कातरलेल्या, हवी ती फाडून न्यायची. जवळपास प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरात 'आफ्फीत्तासी स्तांत्सा', म्हणजे खोली भाड्याने देणे आहे. चार-पाच कागद वाचल्यावर एकदम लक्षात आलं, अगं हा तर आपला कॉलेजातला स्टॅन्झा, कवितेचं कडवं!

मूळ लॅटिन 'स्तारे', उभं राहणं, थांबणं, आपल्या 'स्थान'चा भाऊबंदच. म्हणून स्तांत्सा म्हणजे थांबायची, राहायची जागा. ती कवितेत कशी बसते हे इटालियन महाकवी दान्तेने लिहून ठेवलंय, 1303 ते 1305 च्या सुमारास, 'दे वुल्गारी एलोक्वेन्तिया' या लॅटिन ग्रंथात. कान्झोने हा त्याच्या मते गेय कवितेतला सगळ्यात थोर प्रकार, आणि तिची सगळी कारागिरी, चाल, भागांची मांडणी, ओळी-अक्षरांची मोजणी, जिच्यात मावते ती ऐसपैस जागा म्हणजे स्तांत्सा. पहिल्या कडव्यात जे माप ठरलं तेच पुढे पाळायचं. मला आमची गिरगावातली चाळ आठवली, सगळ्या खोल्या एका मापाच्या आणि आतला संसार प्रत्येकीचा वेगळा. इथल्याच ग्विदो ग्विनित्सेल्ली या कवीची 'अल कोर जेन्तील' ही कान्झोने बघा, 10-10 ओळींच्या 6 खोल्या. कडव्याच्या भागांची नावं तर किती गोड आहेत, फ्रोन्ते म्हणजे कपाळ, पिएदी म्हणजे पाय (आपणही चरणच म्हणतो ना), आणि सिर्मा म्हणजे मागे लोळणारा सोगा.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. 1265 पासून बोलोन्यात 20 लिरांच्या वरचे करार सरकारी वह्यांत नोंदवावे लागत, आणि पानावर कोरी जागा उरली तर कोणी मागाहून काही घुसडू नये म्हणून नोटरी लोक तिथे चक्क कविता लिहून ठेवायचे. 1287 च्या वहीत अशीच दान्तेची एक कविता सापडते, इथल्या गारिसेन्दा मनोऱ्यावरची.

माझी खोली शेवटी मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरची कौलं दिसतात. करारनाम्यावर सह्या झाल्या, शेवटचं अर्धं पान कोरं राहिलं होतं, मालकीणबाईंनी पट्टी लावून त्यावर तिरकी रेघ मारली, आणि मी तेवढ्या जागेत किती ओळी मावल्या असत्या ते मोजत बसले.