साहेबाची उडी

१५ ऑगस्ट २०२५, रात्री

झेंडावंदन आटोपून नानांकडे गेलो. नाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता अमळनेरजवळ कापूस आणि म्हशी सांभाळतात. कीर्तिचक्राची यादी वाचून दाखव म्हणाले.

यादीत लेफ्टनंट शशांक तिवारी, मरणोत्तर. वय २३, अधिकारी होऊन सहा महिनेही झाले नव्हते. २२ मे रोजी सिक्कीममध्ये तुकडी घेऊन निघाला होता. ओंडक्यांच्या पुलावरून एका अग्निवीराचा पाय घसरला, पाण्यानं त्याला ओढलं. तिवारीनं मागोमाग उडी घेतली, पाठोपाठ नाईक हुद्द्याचा एक जवानही उतरला. अग्निवीर वाचला. तिवारी वाहून गेला.

अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ही १९५२ पासूनची पदकं शत्रूसमोरच्या लढाईपलीकडच्या शौर्याची. म्हणजे शांततेतली. मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचं अशोकचक्रही याच खात्यातलं. २००८ मध्ये ताजमध्ये जखमी कमांडोला त्यांनी गोळीबारातून सुखरूप बाहेर काढलं, तेव्हा स्वतःच्या हातात गोळी घुसली, तरी मरेपर्यंत लढले. याला शांतता म्हणायचं!

"पाण्याले काय ठावं, लढाई शे का नही?" नाना म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही कधी कोणाला असं काढलं का?

"मालेच काढं व्हतं एक सायेबनी. बरफमाईन."

इतक्या वर्षांत हे घरात कोणालाच माहीत नाही. पुढे विचारलं तर म्हशींना पाणी दाखवायला उठले. साहेबाचं नावसुद्धा सांगितलं नाही.

मला शौर्यापेक्षा क्रम जास्त खटकतोय. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत, चेटवुड हॉलमध्ये कोरलंय: देश आधी, मग हाताखालची माणसं, आपण स्वतः सगळ्यात शेवटी. अधिकारी होणारी पोरं हे वाचून बाहेर पडतात. भिंतीवर काय, काहीही कोरता येतं. पण सर्वांत खालच्या हुद्द्याच्या पोरासाठी साहेबानं उडी घेतली, हे खरंच घडलं.

आमच्याकडे विहिरीत उतरायचं तर सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, उतरतो. मालक काठावरून सांगतो, सांभाळून रे भाऊ. दोरही बहुतेक दुसराच कोणीतरी धरतो.

विहिरीचं पाणी चढलंय. मोटर वर घ्यावी लागणार. सालदाराला सकाळी बोलावलंय, पण खाली कोण उतरणार याचं त्याच्याशी अजून बोलणं झालेलं नाही.