एक-दोन-तीन, आणि त्यानंतर

मंगळवार

आज बॉक्सिंगच्या सरावाची सगळी सकाळ एक-दोन-तीनवरच गेली. जॅब म्हणजे पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, क्रॉस म्हणजे मागच्या उजव्या हाताचा सरळ ठोसा, आणि डावा हुक म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला. सरांनी ग्लोव्ह्ज घालूच दिले नाहीत. नुसत्या पट्ट्या बांधून, आरशासमोर, इतकं सावकाश की क्रॉस पोचेपर्यंत एक श्वास पुरा व्हावा. धुळ्याचा मे महिना. पहाटे साडेपाचलाही पत्र्याखाली आदल्या दिवसाची धग असते. सावकाश केलं तरी पट्ट्या ओल्याच झाल्या.

पण सावकाश केल्यावर जे दिसतं ते वेगात कधीच दिसत नाही. क्रॉस मारताना उजवी टाच बाहेर वळते, उजवी कंबर पुढे येते आणि अंगाचा भार डाव्या पायावर जाऊन बसतो. आता डाव्या हुकसाठी वेगळी तयारी लागतच नाही. भार डावीकडे आलेलाच आहे, कंबर उलटी फिरायला मोकळी आहे. कोपर वाकवून हात तिच्याबरोबर जाऊ द्यायचा, बस. डावा-उजवा-डावा हा क्रम इतका टिकून राहिला तो यामुळेच. क्रॉस अर्धवट सोडला, टाच जमिनीला चिकटून राहिली, की हुकच्या वाट्याला काही उरत नाही. मग तो खांद्यातून ओढावा लागतो आणि चापटीसारखा बसतो. म्हणून सर हुकबद्दल बोलतच नव्हते. कुणाचा हुक बिघडला की तिला पुन्हा क्रॉस करायला लावत होते.

श्वासाचंही तसंच. प्रत्येक पंचला नाकातून छोटासा फुस्स. पहिल्याच पंचला सगळी हवा सोडून दिली तर तिसऱ्यापर्यंत खांदे कानाला टेकतात. हे आरशात स्पष्ट दिसतं.

कोपऱ्यात टांगलेल्या, ठोसे मारायच्या बॅगवर छोट्या मुलींनी खडूने आकडे काढून ठेवलेत. एक जॅब, दोन क्रॉस, तीन डावा हुक, चार उजवा हुक, पाच डावा अपरकट (खालून वर जाणारा), सहा उजवा. सर नुसते आकडे पुकारतात आणि मुली बॅगवर तुटून पडतात. ही पद्धत जगभर चालते, फक्त कुठला आकडा कुठल्या पंचला हे जिमप्रमाणे बदलतं. माईक टायसनचे गुरू कस डमाटो यांचे आकडे वेगळेच होते. होजे टोरेस हा त्यांचा शिष्य विली पास्त्रानोशी लढायची तयारी करत होता, तेव्हा गाद्या बांधून एक उभी बॅग केली गेली. तिच्यावर माणसाची आकृती, आकृतीवर आकडे. प्रतिस्पर्ध्यावरून तिचं नावच ‘विली’ पडलं. १९६५ मध्ये टोरेसने पास्त्रानोला हरवून लाइट हेवीवेटचं जगज्जेतेपद घेतलं. पुढे टायसननेही टेपवरचे आकडे ऐकत तसल्याच बॅगवर सराव केला.

आकड्यांचा फायदा मला पटतो. कानावर ‘तीन’ पडलं की विचार करण्याआधी हात सुटतो, आणि रिंगमध्ये विचाराला वेळ नसतोच. पण आकडा पुकारणारा बाहेर उभा असतो. समोरची मुलगी काही पुकारत नाही, ती हलते. त्यामुळे पाठ झालेलं कॉम्बिनेशन, म्हणजे पंचांची ठरलेली साखळी, कुठे तोडायचं, हे आकड्यांतून शिकता येत नाही.

बॅगचं एक लिहून ठेवते. आत जुन्या कपड्यांच्या चिंध्या आहेत, त्या वर्षानुवर्षं खाली बसल्यात. वरचा भाग पिलपिलीत आणि कमरेच्या उंचीला दगड. पोटावरचा हुक तिथेच बसतो आणि मनगट दुखावतं. बॅग उतरवून, चिंध्या काढून, नीट दाबून पुन्हा भरायला हवी. हे काम मी या आठवड्यात करणार.

गुरुवार

स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. समोरची माझ्यापेक्षा उंच, हात लांब. एक-दोन टाकलं की ती मागच्या पायावर झुकते आणि माझा क्रॉस तिच्या हनुवटीच्या चार बोटं अलीकडे संपतो. पुढचा हुक तर हवेतच. अशा वेळी हात वाढवत बसलं की तोल जातो, हे सर नेहमी सांगतात.

दुसऱ्या राउंडपासून मी जॅब पोटावर टाकायला लागले. गुडघे वाकवून, डोकं तिच्या उजव्या हाताच्या रेषेतून बाहेर काढून. डोकं मागे झुकवता येतं, पोट तेवढं मागे नेता येत नाही. पहिला लागला. दुसऱ्यालाही आवाज आला. तिसऱ्या वेळी माझा गुडघा वाकताच तिचा उजवा कोपर बरगडीशी आला आणि गालाजवळचा ग्लोव्ह खाली उतरला. तोच क्षण. जॅब गेलाच नाही, नुसती हूल, आणि त्याच डाव्या हाताचा हुक वर गेला. नेमका गालावर. हुकने भार उजवीकडे आला होता, म्हणून मागोमाग क्रॉसही आपोआप गेला.

घरी येईपर्यंत मी हेच मनात फिरवत होते. मंगळवारी क्रॉसने डावा पाय भरला होता, आज वाकलेल्या गुडघ्याने भरला. हुकला ताकद कुठून येते हे एकदा अंगाला कळलं की तिथे पोचायच्या वाटा आपल्याला सापडत जातात. नवनवीन कॉम्बिनेशनची यादी पाठ करण्यापेक्षा मला हेच जास्त मोलाचं वाटतं, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आप्पांनी जेवताना विचारलं, “आज काय शिकनी व?” मी हातवारे करून सांगितलं. आप्पा तरुणपणी जत्रेतल्या दंगलींत कुस्त्या खेळलेत; ग्लोव्ह्ज त्यांनी कधी हातात घातले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतला आणि अंगणात मला समोर उभं केलं. एकेरी पटाची, म्हणजे एक पाय धरून ओढायची, हूल दिली. मी पाय मागे ओढला, कमरेत वाकले, आणि माझी मान त्यांच्या पंज्यात होती. इतक्या वयातही पंजा तसाच. “पहिले हूल दे, मंग डाव टाक,” एवढंच म्हणाले. मग सांगितलं की हूल खरी वाटायला आधी एक-दोनदा पट खराच काढावा लागतो, नाहीतर समोरचा वाकत नाही. म्हणजे पोटावरचे पहिले दोन जॅब खरेच हवेत, पूर्ण ताकदीचे.

शनिवार

आज पॅड, म्हणजे सरांनी हातात धरलेल्या गाद्यांवर पंच. तिसरा पंच झाला की सर पॅड फिरवून थेट डोक्यावर आणतात. जी तिथेच उभी राहिली तिला बसतो. त्यामुळे हुक झाला की डावा पाय रोवून अंग बाजूला फिरवायचं, किंवा जॅब टाकत मागे निघायचं. हुकनंतर हात छातीपाशी परत येण्याची सवय दोघी-तिघींना आहे; तो हनुवटीपाशीच यायला हवा.

हौशी स्पर्धेत तीन मिनिटांचे तीन राउंड असतात. बंद ग्लोव्हचा बोटांच्या गाठींचा भाग डोक्याच्या समोर-बाजूला किंवा बेल्टच्या वर लागला तरच जज तो पंच धरतात. गार्डवर, म्हणजे समोरचीने बचावाला धरलेल्या हातांवर, आपटलेले पाच पंच हिशेबात येत नाहीत, दमवतात मात्र पाचच्या पाच. आपली जगज्जेती बॉक्सर निखत झरीनच्या लढती मी पुन्हा पुन्हा बघते. २०२२ ची इस्तंबूलची जागतिक स्पर्धेची फायनल तर कितीतरी वेळा, जितपोंग जुतामासवर ५-० ने जिंकलेली. आता मी तिच्या हातांऐवजी पाय बघते. दोन-तीन पंच घेऊन आत शिरते, आणि समोरचीचं उत्तर यायच्या आत तिचे पाय जागा सोडतात.

छोट्या मुलींना सध्या तीनच्या पुढचं काही द्यायचं नाही, असं सरांशी बोलून ठरवलंय. एक-दोन-तीन आणि लगेच बाहेर, एवढंच. ‘बाहेर’ हाही एक आकडा म्हणूनच पुकारायचा: शून्य. खडूने जमिनीवर, बॅगच्या डाव्या हाताला. उद्या बॅग उतरवणार आहोतच, तेव्हाच काढून ठेवते.