तुम्ही विचारलंत म्हणून: उडत्या ड्रोनवरून कॅमेरा का पडतो आणि तो कसा अडवायचा

“उडताना कॅमेरा सुटून पडणार नाही ना? नेमकं काय लावायचं त्याला?” नागपुरात ड्रोन उडवणारे हा प्रश्न सतत विचारतात. लग्नाचं शूटिंग करणारे विचारतात, काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांवर ड्रोन नेणारे विचारतात, घरी जोडलेल्या ड्रोनवर गोप्रो हा मुठीएवढा कॅमेरा चढवणारी कॉलेजची मुलंही विचारतात. बहुतेकांना एखाद्या वस्तूचं नाव हवं असतं, अमुक गोंद किंवा तमुक पट्टा. तसं एका वस्तूत भागत नाही. कॅमेऱ्याला आधार दोन हवेत, आणि पहिला ज्या कारणाने निकामी होईल त्याच कारणाने दुसरा निकामी होता कामा नये. या वाक्याचा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. डबल टेपने माउंट, म्हणजे कॅमेरा बसवायचा आधार, चिकटवायचा आणि सेफ्टीची दोरी त्याच माउंटला बांधायची, हे सर्रास दिसतं. टेप सुटली की माउंट, कॅमेरा आणि दोरी एकत्रच खाली येतात.

खाली येतात म्हणजे काय, याचा हिशेब करून बघा. ५० मीटरवरून सुटलेली वस्तू सव्वातीन सेकंदांत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास असतो. हवेचा अडथळा धरला तर थोडा कमी. गोप्रोचं वजन दीडशे ग्रॅम. लॉनवरच्या लग्नात खाली माणसं बसलेली असतात, त्यामुळे या कामात ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणता येत नाही. कितीही नीट बांधलं तरी माणसांच्या डोक्यावरून न उडवणं हे त्याच्या आधी येतं.

आता कॅमेरा सुटतो का, ते बघू. पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. पंख्याचं एक पातं जरासं टवका गेलेलं असेल तर दर फेऱ्याला एक हिसका बसतो. वीस मिनिटांच्या उड्डाणात हे हिसके १ लाख २० हजार होतात. स्क्रू सैल होतो तो या आडव्या हिसक्यांनी. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टच्या आडव्या दिशेने होणारं कंपन आट्यांमधली पकड मोडतं आणि बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. त्यांच्याच पद्धतीच्या चाचण्यांत साधा स्प्रिंग वॉशर जवळपास काहीच अडवत नाही असंही दिसतं. तरी आपल्याकडे ‘वॉशर टाकलाय ना’ म्हणून माणूस निश्चिंत होतो. तो भरवसा सोडा.

उपयोग होतो तो नायलॉक नटाचा, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेल्या नटाचा, आणि थ्रेडलॉकरचा, म्हणजे आट्यांत सुकून स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा. धातूत जाणाऱ्या एम२ ते एम३ च्या, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या, बारीक स्क्रूंना जांभळं लॉकटाइट २२२ पुरतं, मोठ्यांना निळं २४३. लाल लावू नका, तो स्क्रू पुढे हिटगनशिवाय निघणार नाही. लावण्याआधी आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढा. एक थेंब पुरे, आणि पूर्ण पकड यायला २४ तास द्या. सकाळी लावून संध्याकाळच्या वरातीला उडवलं तर काम अर्धवटच झालेलं असतं. प्लॅस्टिकच्या आट्यांना मात्र थ्रेडलॉकर अजिबात नको. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला त्याने आतून बारीक तडे जातात आणि स्क्रू ज्या खांबात बसलाय तो खांबच एक दिवस फुटतो. तिथे आरपार बोल्ट आणि मागून नायलॉक नट हाच मार्ग. गोप्रोच्या बिजागरीत हाताने फिरवायचा जो स्क्रू येतो, तो काढून त्याजागी एम५ चा ॲलन बोल्ट आणि नायलॉक नट टाका. बोल्ट एवढा लांब हवा की नटाच्या बाहेर एक-दोन आटे दिसतील. आटे नायलॉनपर्यंत पोचलेच नाहीत तर तो नट साध्या नटासारखाच असतो.

नेलपॉलिशची एक युक्ती मला मनापासून आवडते. स्क्रू घट्ट केल्यावर त्याच्या डोक्यावरून शेजारच्या प्लेटवर जाणारी एक बारीक रेघ ओढा, लाल किंवा पांढरी. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ मधून तुटलेली दिसते. उडवण्याआधी प्रत्येक स्क्रूला पाना लावून बघावं लागत नाही, नजर फिरवली की कळतं. आणि वरचेवर पाना लावून ‘अजून थोडं’ कसत राहणं हेसुद्धा आटे मारण्याचं कारण आहे.

तयार ड्रोनमध्ये, म्हणजे गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारा हात) असलेल्यांत, गोष्ट वेगळी असते. तिथे कॅमेरा लटकतो तो छोट्या रबरी गोळ्यांवर. दोन प्लेटांच्या मध्ये तीन-चार गोळ्या असतात, वरची प्लेट ड्रोनची, खालची गिंबलची. कंपन कॅमेऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून हा जोड मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. म्हणजे सगळा भार ज्या जागी आहे, तीच जागा सगळ्यांत नाजूक. डीजेआय कंपनीच्या फँटम ड्रोनच्या काळात गोळ्यांच्या आतून जाणाऱ्या, न पडू देणाऱ्या छोट्या पिना सोबत मिळत. त्या बसवायचा कंटाळा करून पाकिटातच ठेवणारे बरेच होते. तुमच्या ड्रोनला अशा पिना येत असतील तर त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवा, एकाच बाजूला नको.

गोळी तपासायची कशी, ते जरा सावकाश सांगते. ड्रोन उलटा धरा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, आडवा मारा. गोळीच्या दोन्ही टोकांना मान असते. तिथे ती प्लेटच्या भोकातून जाते आणि पलीकडे टोपीसारखी पसरते. फाटते ती मानेशीच. आधी केसाएवढी काळी रेघ दिसते, मग चीर उघडते. बोटाने गोळी हलके फिरवा आणि दाबा. ताजं रबर दाबल्याजागी लगेच परत येतं, जुनं थांबून येतं किंवा दगडासारखं लागतं. टोपीची कड भोकाच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आलेली हवी. एका बाजूने आत दबलेली कड म्हणजे अर्धी सुटलेली गोळी. गोळी बसवताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका. त्याच्या टोकाने पडलेला बारीकसा ओरखडा पुढे चीर होतो. साबणाचं पाणी आणि आइस्क्रीमच्या काडीचं घासून गोल केलेलं टोक एवढं पुरतं. ग्रीस, डब्ल्यूडी-४० किंवा पेट्रोल लावू नका, रबर फुगतं आणि सैल पडतं. आणि फेविक्विकने चिकटवायचा मोह आवरा. ते सुकल्यावर काचेसारखं ठिसूळ होतं, कंपनात तडकतं, वर त्याची वाफ लेन्सवर पांढरा थर धरते.

गोळ्यांचं सगळ्यांत जास्त नुकसान उडताना होत नाही, रस्त्यात होतं. गिंबल गार्ड, म्हणजे कॅमेरा हलू न देणारं प्लॅस्टिकचं कवच, न लावता ड्रोन स्कूटीच्या डिकीत टाकायचा आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर कॅमेरा चारही बाजूंना आपटू द्यायचा, यात गोळ्या झिजतात. गार्ड दोन मिनिटांत लागतो. फक्त पॉवर देण्याआधी तो काढायला विसरू नका, नाहीतर गिंबलच्या मोटरवर ताण येतो. दुसरं नुकसान आदळलेल्या लँडिंगने होतं. त्यात गोळी भोकातून अर्धी निसटते, कॅमेरा तिथल्या तिथे पडत नाही, आणि पुढच्या उड्डाणात वर गेल्यावर सुटतो. म्हणून लँडिंग जोरात झालं की बॅटरी बदलून लगेच परत उडवायचं नाही. आधी सगळ्या गोळ्या बघायच्या.

डीजेआयच्या इन्स्पायर किंवा मॅट्रिससारख्या मोठ्या ड्रोनच्या, फिरवून लावायच्या गिंबलच्या बाबतीत एवढंच: लॉकवरचे लाल ठिपके समोरासमोर आलेत का ते डोळ्यांनी बघा, मग गिंबल खाली ओढून आणि उलट फिरवून बघा. नुसत्या ‘टक’ आवाजावर विसंबू नका.

नागपुरात याला उन्हाची जोड आहे, आणि पुण्या-मुंबईचा सल्ला इथे अपुरा पडतो तो इथेच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. थ्री-डी प्रिंटरवर छापलेला पीएलए या नेहमीच्या प्लॅस्टिकचा माउंट ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. बंद गाडीत तो जरासा वाकतो, संध्याकाळी थंड झाल्यावर वाकलेलाच राहतो, आणि स्क्रूभोवतीची पकड गेलेली असते. बाहेरून माउंट धडधाकट दिसतो. माउंट छापायचाच तर पीईटीजी किंवा एबीएस या गरमी जास्त सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापा, छोट्या कॅमेऱ्यासाठी रबरासारखं लवचिक टीपीयू उत्तम. छापताना थर कुठल्या दिशेने येतात तेही बघा. कॅमेऱ्याचा ओढा थर एकमेकांपासून सोलून काढेल अशा दिशेने असेल तर जाड माउंटसुद्धा लाकडाच्या ढलपीसारखा सुटतो.

केबल टायचंही असंच. तो नायलॉनचा असतो, आणि नायलॉनचा चिवटपणा त्यात मुरलेल्या ओलाव्यावर असतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो ओलावा उडून जातो. दोन महिने उन्हात राहिलेला पांढरा टाय बोटाने वाकवला तरी कडकन तुटतो. काळे, उन्हात टिकणारे टाय घ्या, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला कापून नवे लावा.

टेपबद्दल थोडं. फोमची स्वस्त डबल टेप उन्हात मेणासारखी सरकते, ती नको. व्हीएचबी ही जास्त मजबूत डबल टेप गरमी सहज झेलते, पण लावल्या लावल्या तिची निम्मी पकडही आलेली नसते. २४ तासांत ९० टक्के येते, पूर्ण यायला ७२ तास. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोल-पाणी निम्मे-निम्मे करून पुसा, टेप जोराने दाबा आणि तीन दिवस थांबा. टेप सरकवायला कठीण असते, पण कडेने सोलायला सोपी. म्हणून कॅमेऱ्याचा ओढा एका टोकावर येईल अशी ती लावू नका.

आता दुसरा आधार, म्हणजे दोरी. दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, पॉलिएस्टरची वेणीदार दोरी घ्या. पतंगाचा मांजा नको, मासेमारीची एकेरी नायलॉन तारही नको, तिच्यात गाठ सरकते. स्टीलची तारही टाळा. ती पंख्यात गेली तर पंखा तोडते आणि कंपासजवळ असली तर दिशा चुकवते. वरचं टोक ड्रोनच्या मूळ सांगाड्याला बांधा, गोळ्यांच्या वरच्या प्लेटला नाही. खालचं टोक रबरी गोळ्यांच्या खालच्या प्लेटला, गिंबलच्या फिरणाऱ्या हाताला किंवा कॅमेऱ्याच्या चपट्या रिबन केबलच्या आसपास नाही. गोप्रो असेल तर तिच्या चौकटीला, बॅटरीच्या दाराला नाही. गाठ सरकफास नको, आठाची गाठ मारा, दोन सेंटीमीटर शेपूट ठेवा आणि टोक आगीने वितळवून घ्या.

दोरीची ढील हीच खरी मेख आहे. एरवी दोरीवर जराही ताण नको, नाहीतर गोळ्यांना चुकवून कंपन दोरीतूनच कॅमेऱ्यात जातं आणि व्हिडिओ थरथरतो. पण ढील जास्त असली तर कॅमेरा तेवढा पडून झटका देतो. १५० ग्रॅमचा कॅमेरा ५ सेंटीमीटर पडला आणि दोरीच्या २ मिलिमीटरच्या ताणात थांबला, तर झटका त्याच्या वजनाच्या २६ पट, म्हणजे जवळपास ४ किलोचा बसतो. ढील १५ सेंटीमीटर असेल तर साडेअकरा किलोचा. दोरी तो सोसेल, ज्या प्लॅस्टिकला बांधली ते सोसणार नाही. तीन-चार सेंटीमीटर ढील ठेवा. मग पॉवर बंद असताना गिंबल हाताने सगळ्या बाजूंना पूर्ण वळवून बघा, दोरी कुठे अडकत नाही ना. कॅमेरा दोरीवर लोंबकळत ठेवून पंखे हाताने फिरवा. कॅमेरा झोका घेऊनही पात्याला लागता कामा नये.

छोट्या ड्रोनवाल्यांनी वजनकाटा जवळ ठेवावा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, आणि वजन धरायचं ते वर चढवलेल्या सगळ्या सामानासकट. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला चार ग्रॅमची दोरी आणि गाठी झाल्या की तो मायक्रो वर्गात गेला, आणि तिथले नियम वेगळे. अशा ड्रोनला दोरीऐवजी गोळ्या वेळेवर बदलणं जास्त शहाणपणाचं.

संक्रांतीच्या आगेमागे आणखी एक धोका असतो. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो हवेत असतोच. पंख्यात गेला की मोटरला गुंडाळतो आणि गिंबलच्या हाताला खेचतो. त्या दिवसांत वस्तीवरून उडवूच नये. उडवून झाल्यावर मोटरच्या फिरणाऱ्या टोपीखाली आणि गिंबलच्या सांध्यांत मांज्याचा तुकडा अडकलाय का ते बघा. एवढासा तुकडासुद्धा पुढच्या वेळी सांधा जाम करतो.

आणि सगळं करूनही वर असताना स्क्रीन अचानक काळी झाली किंवा चित्र उलटंपालटं झोके घेऊ लागलं, तर कॅमेरा दोरीवर आलाय असं समजा. रिमोटच्या स्टिक सोडा, ड्रोनला एका जागी स्थिर होऊ द्या. वजन सरकल्यामुळे तो थोडा डुलेल, त्याला दुरुस्त करायला स्टिक झटकू नका. रिटर्न टू होम, म्हणजे ड्रोनला आपोआप परत बोलावणारं बटण, दाबू नका. परतताना तो उंची वाढवून वेगाने येतो आणि कॅमेरा झोके घेतो. खालची माणसं बाजूला करा. ड्रोनला डोळ्यांनी बघत, सावकाश, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने रिकाम्या जागेवर उतरवा. खाली गवत असेल तर बरं, नसेल तर एखादी गादी किंवा जाड सतरंजी दुमडून टाका, म्हणजे आधी कॅमेरा टेकेल आणि मग पाय. खालून कोणी कॅमेरा हाताने झेलायला धावेल, त्याला आधीच थांबवा. पंखे पूर्ण थांबेपर्यंत कोणाचाही हात जवळ जाता कामा नये.