वायरची पिशवी

तिकीट लेकीने काढलं, पिशवी मायने भरली, आणि मधला मी रेल्वेचं रिझर्व्हेशन करून मोकळा झालो. घोटाळा तिथेच झाला होता. कळला मात्र पुण्यात, गेटवर, संध्याकाळी सातला.

पाचोऱ्यात माझं मेडिकल आहे. माय आता एकाहत्तर वर्षांची. शाळेत हुतूतू खेळायची, तालुक्यापर्यंत जाऊन आली, हे आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की त्या सामन्याचा स्कोअर मीही सांगू शकतो. 2014 मध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून सामने असले की रिमोट तिच्या मांडीवर. पुण्यात शिकणाऱ्या लेकीने तिथल्या प्रो कबड्डीच्या सामन्याची तिकिटं काढली आणि आजीला सरप्राइज दिलं. मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट आले. मी अंगठा दाखवला. झालं.

संध्याकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसला बसलो, पहाटे अंधारात पुण्यात उतरलो. लेकीच्या होस्टेलवर पाहुणे चालत नाहीत, रात्री परत ट्रॅव्हल्स पकडायची होती, म्हणून लॉज घेतलं नाही. दिवसभर दगडूशेठ, सारसबाग, तुळशीबाग. आणि दिवसभर हातात ती पिशवी.

ती लाल-पांढऱ्या वायरची पिशवी मायने स्वतः विणलेली आहे. ऐंशीच्या दशकात आमच्या गल्लीतल्या बायकांना वायरच्या पिशव्यांचं वेडच लागलं होतं. दुपारी ओट्यावर बसून सगळ्या विणायच्या. त्यातली ही एक टिकली. एका बाजूची मूठ तुटली तेव्हा तिथे मायने नाडा बांधला, तो सात-आठ वर्षांपूर्वी. त्या दिवशी पिशवीत होतं ते असं: कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून, भरिताचा स्टीलचा डबा, ठेच्याची बाटली, दोन लिटर पाणी, शाल, आणि तिचा पानाचा बटवा. भरीत नातीसाठी. हिवाळा, त्यात जळगावची हिरवी वांगी. त्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नातीसाठी भरीत नेताना मायला असल्या शिक्क्याची गरज वाटत नाही.

गेटवर दोन रांगा, बायकांची वेगळी. मी पलीकडच्या रांगेतून बघत होतो. सिक्युरिटीच्या बाईने पिशवीकडे बघून नुसती मान हलवली. आत बघितलंसुद्धा नाही. "आजी, पिशवी अलाऊड नाही."

माय म्हणाली, "बाई, यामा भाकर शे, बॉम्ब नही."

माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही कुठल्याही गेटवर, विमानतळावर, स्टेशनवर असाल, तो शब्द गमतीतसुद्धा तोंडातून काढू नका. त्या बाईला अहिराणी समजत नव्हती, पण तेवढा एक शब्द समजला. लगेच सुपरवायझर आला. नशीब, तो हसणाऱ्यातला निघाला. पिशवी टेबलावर रिकामी झाली. माय म्हणत होती, "बठ्ठं तं दखाई राह्यनं, आखो काय दखाडू?" म्हणजे सगळं तर दिसतंय, आणखी काय दाखवू. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वायरच्या पिशवीच्या भोकांतून डबा, बाटली, भाकरीचं फडकं सगळं बाहेरून दिसतंच.

मग बटव्यातून अडकित्ता निघाला.

मायच्या आईचा तो अडकित्ता. पितळी, दोन्ही दांडे वापरून वापरून गुळगुळीत झालेले, पातं मात्र अजून सुपारी एका दाबात फोडतं. सुपरवायझरने तो उघडून पात्यावर अंगठा फिरवला आणि गेटशेजारच्या निळ्या ड्रमकडे बोट दाखवलं. ड्रममध्ये डोकावलो. लायटर, काडेपेट्या, गुटख्याच्या पुड्या, चुन्याच्या डब्या, अर्धवट भरलेल्या सेंटच्या बाटल्या, एक सेल्फी स्टिक. त्यात तो अडकित्ता टाकायचा? मायने पदर खोचला. तिथेच मला कळलं, आज आपण तिघं आत जात नाही.

त्यातच माझी एक वेगळी फजिती. मायच्या रात्रीच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मी कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत सुट्ट्या भरल्या होत्या. सुपरवायझरने विचारलं, "ह्या कसल्या गोळ्या?" म्हटलं, मी स्वतः मेडिकलवाला आहे. तो म्हणाला, "काका, असं कुणीही म्हणेल." बरोबर आहे त्याचं. मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो की स्ट्रिप अशी कापू नका, नाव, बॅच आणि एक्सपायरी असलेला भाग राहू द्या. आणि स्वतः काय करतो, तर बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या डबीत भरून परगावी नेतो. मोबाइलमध्ये प्रिस्क्रिप्शनचा फोटो होता म्हणून दोन गोळ्या सुटल्या. औषधांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, पण ती नाव छापलेल्या स्ट्रिपला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीला. साखर एकदम उतरणाऱ्याने खडीसाखर किंवा ग्लुकोजसाठीही चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्याव्यात. बाहेरचं खाणं म्हणून तेही अडवू शकतात.

शेवटी आजी-नात आत गेल्या, दोन हात हलवत. मी पिशवी घेऊन बाहेर. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याकडे बॅगा ठेवायची सोय होती, एका बॅगेचे शंभर रुपये, पावती नाही, टोकन नाही, भिंतीशी बॅगांचा ढीग. त्या ढिगात मायचा अडकित्ता सोडायची माझी छाती झाली नाही. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो, लेकीला मेसेज केला, "तिकिटाचा मूळ मेल पाठव." आला. आयुष्यात पहिल्यांदा मी अटी आणि नियम शेवटपर्यंत वाचले.

सगळं लिहिलेलं होतं हो. सगळं. बॅग नाही, बाहेरचं खाणं नाही, बाटली नाही, पॉवर बँक नाही, हेल्मेट नाही, छत्री नाही, धारदार वस्तू नाही, तंबाखू नाही, सामान ठेवण्याची सोय आयोजकांकडे नाही. हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, आणि ते सर्वांत खाली. स्क्रीनशॉट घेताना लेकीने नेमका क्यूआर कोडपुरता चौकोन कापला होता. तिचाही दोष म्हणता येत नाही, ती स्वतः खिशात मोबाइल टाकून येणार होती. तिला बॅगेचा नियम वाचायचं कारणच नव्हतं. ज्याच्या हातात बॅग असते त्याच्याकडे मेल नसतो, असा हा प्रकार.

बाहेर बसल्या बसल्या रिकामपणाचे उद्योग सुरू झाले. मोबाइलवर शोधत गेलो की हे बॅगेचं खूळ आलं कुठून. अमेरिकेत 15 एप्रिल 2013 रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये पाठीवरच्या सॅकमधून आणलेल्या प्रेशर कुकरचे बॉम्ब फुटले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिथल्या फुटबॉल लीगने, एनएफएलने, नियम जाहीर केला: स्टेडियमात फक्त पारदर्शक बॅग, 12 इंच बाय 6 इंच बाय 12 इंचाच्या आतली. शिवाय तळहाताएवढी छोटी पर्स, साडेचार बाय साडेसहा इंच. मग इंग्लंडमध्ये 22 मे 2017 ला मँचेस्टर अरीनात स्फोट झाला, 22 लोक गेले. स्फोट घडवणारा माणूस मैफिलीत शिरलाच नव्हता. कार्यक्रम सुटून लोक बाहेर पडत होते, तिथल्या मोकळ्या जागेत तो सॅक घेऊन थांबला होता. म्हणून तर आता गर्दीच्या ठिकाणी तुम्हाला दाराच्याही बरंच आधी अडवतात.

लांब कशाला जायचं. 17 एप्रिल 2010 ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएलच्या सामन्याआधी स्फोट झाले, नंतर सेमीफायनल तिथून हलवल्या. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यातच जर्मन बेकरी. तिथेही टेबलाखाली ठेवलेली एक बेवारस बॅगच होती. पुण्यातल्या गेटवरची बाई पिशवी न उघडताच मान हलवते, त्यामागे हे सगळं असतं. मला तेव्हा नुसता राग आला होता.

बाटलीचं कारण मात्र वेगळं, आणि ते मला शोधावं लागलं नाही. 13 मार्च 1996. ईडन गार्डन्स, वर्ल्ड कपची सेमीफायनल. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर आम्ही पंधरा-वीस जण. श्रीलंकेचे 251, आपण 8 बाद 120, आणि मैदानात बाटल्यांचा पाऊस, स्टँडमध्ये जाळपोळ. सामना श्रीलंकेला देऊन टाकला. कांबळी रडत बाहेर आला. तेव्हा बाटल्या फेकणाऱ्यांचा बंदोबस्त म्हणून आज माझ्या मायची दोन लिटरची बाटली गेटवर अडते. काही ठिकाणी नाणीसुद्धा काढून घेतात, त्याचंही कारण तेच. वरच्या मजल्यावरून फेकलेलं नाणं डोक्यात बसलं तर टाके पडतात.

आणि आकार. मला वाटायचं बॅगेत काय आहे त्यावर भांडण असतं. तसं नाही. एक बॅग नीट उघडून तपासायला एक मिनिट धरा. दहा हजार माणसं, प्रत्येकाकडे एक बॅग, दहा गेट. म्हणजे एका गेटवर हजार मिनिटं, साडेसोळा तासांहून जास्त. आकाराची मर्यादा घातली की गेटवरचा माणूस नुसत्या नजरेने निकाल लावतो. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी मोजमाप ए-फोर कागदाचं असतं, 21 बाय 29.7 सेंटीमीटर. झेरॉक्सचा कागद घरी बॅगेवर ठेवून बघायचा, बॅग बाहेर डोकावली तर घरीच ठेवायची. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा बॅगच नको असा सरळ हिशोब.

माझी तक्रार शिल्लक आहे ती एवढीच. हे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोथरूडहून रिक्षाने येणारा माणूस असतो. त्याचं घर पाऊण तासावर. खान्देशातून येणारा माणूस रात्रभर रेल्वेत बसून येतो, टॉवेल-ब्रश-शाल घेऊन येतो, लेकरासाठी भाकर घेऊन येतो, आणि त्याच रात्री परत निघतो. त्याची पिशवी म्हणजे त्याचं त्या दिवसापुरतं घर असतं. ते कुठे ठेवायचं, याचं उत्तर कुठल्याच तिकिटावर नसतं.

उत्तर होतं, पहाटे आम्ही त्याच्याच समोरून गेलो होतो. पुणे स्टेशनचं क्लोक रूम. पण त्यातही मेख आहे: रेल्वे कुलूप लावलेली बॅगच घेते, आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. वायरच्या पिशवीला कुलूप कुठे लावणार? खाण्याचे पदार्थही तिथे ठेवता येत नाहीत. म्हणजे भरिताचा प्रश्न होताच. शिवाय परतीची गाडी स्टेशनवरून नसेल तर सामान आणायला पुन्हा शहर ओलांडा. आमची ट्रॅव्हल्स दुसऱ्याच टोकावरून होती.

आतून आरडाओरडा येत होता. तीस सेकंदांची चढाई असते, त्यामुळे आवाजाची लाट बरोबर तेवढीच चढायची आणि फुटायची. बाहेर बसून मला कुणी गुण घेतला ते कळत नव्हतं, फक्त घेतला एवढं कळायचं. टपरीवाल्याने विचारलं, "काका, डब्यात काय?" म्हटलं भरीत. तो परभणीकडचा. दोघांनी एकेक भाकर मोडली. त्याने शेंगदाणे घातलेलं वांग्याचं भरीत पहिल्यांदा खाल्लं. हे जास्त तिखट आहे म्हणाला आणि दुसरी भाकर घेतली. चहाचे पैसे घेतले नाहीत. बॅगांचे शंभर-शंभर मात्र माझ्यासमोर सगळ्यांकडून मोजून घेतले.

एक हेल्मेटवाला पोरगा गेटवरून परत आला, हेल्मेट बाइकला लावून पळत गेला. एक जोडपं तान्ह्या बाळाची बॅग घेऊन आलं, त्यांना बाजूला घेऊन, डायपर-दुधाची बाटली बघून सोडलं. बाळाच्या बॅगेला सूट असते, पण त्यांची दहा मिनिटं गेलीच.

साडेनवाला दोघी आल्या. मायचा आवाज बसला होता. रिक्षात तिने मला पूर्ण सामना सांगितला, कोणाची मांडी कशी पकडली, कोण बोनस रेषेला टेकला नाही तरी गुण दिला. मग पिशवी मागितली, पहिला हात बटव्यात घातला, अडकित्ता चाचपला, आणि मग डबा उघडला.

"भरीत कोठे गयं?"

लेकीसाठी चार घास उरले होते. तिने ते ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर उभ्याने खाल्ले. माय माझ्याशी चाळीसगावपर्यंत बोलली नाही.

परवा लेकीचा पुन्हा फोन आला, तिकिटं काढू का म्हणून. मी स्पीकरवर टाकला. खेळणारे संघ कोणते, हे विचारायच्या आधी माय म्हणाली, "पिशवीनं काय लिखेल शे त्यामा?"