तुम्ही विचारलेत म्हणून : शूराचा पराक्रम फसतो तेव्हा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी जमलेल्या मंडळींना वाचून दाखवतो, आणि तिथे मला वरचेवर एकच प्रश्न विचारला जातो. सर, तुम्ही निवडता त्या गोष्टींत शूर माणूस ऐन वेळी हरतो, किंवा त्याचा पराक्रम वायाच जातो, असे का? शाळकरी मुलांचे पालक हे विचारतात, कॉलेजात जाणारी मुले विचारतात आणि निवृत्त शिक्षकही विचारतात. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, म्हणून ते लिहून काढतो आहे.

या प्रश्नामागची सर्वांत वजनदार हरकत मला रावेरहून लेकीकडे आलेल्या एका केळी बागायतदारांनी ऐकवली. ते म्हणाले, "बाग चांगली निसवते, घड कापणीला येतात, आणि पावसाच्या तोंडावर एक वादळ येऊन अर्ध्या तासात सगळी बाग आडवी करून जाते. हरणे आम्ही घरबसल्या पाहतो. गोष्टीत तरी माणसाला जिंकू द्या." यात खोटे काहीच नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी विजयाची गोष्ट ऐकावीशी वाटणे हा त्याचा हक्क आहे, आणि तशा गोष्टीही मी वाचतोच. तरीसुद्धा त्या संध्याकाळी मी हातातले पुस्तक बदलले नाही, कारण मी वाचत होतो ते मौसलपर्व होते आणि त्यांच्या बोलण्याला त्यात उत्तर आहे असे मला तेव्हाही वाटत होते, आजही वाटते.

महाभारताचे हे सोळावे पर्व आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. कुरुक्षेत्रावरच्या युद्धाला 36 वर्षे झाली आहेत, प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांना मारून टाकले आहे, कृष्ण गेला आहे. मागे उरलेल्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे यांना घेऊन अर्जुन द्वारकेबाहेर पडतो आणि त्याच्या पाठीमागे समुद्र ती नगरी गिळत येतो. वाटेत पंचनद प्रदेशात मुक्काम पडतो. एवढ्या विधवांचा आणि संपत्तीचा तांडा एकटा धनुर्धर घेऊन चालला आहे, हे पाहून तिथले आभीर जमातीचे लोक हातात लाठ्या घेऊन चालून येतात. अर्जुन हसतो आणि जीव प्यारा असेल तर मागे फिरा म्हणून बजावतो. ते फिरत नाहीत. मग तो गांडीव हाती घेतो आणि त्याला प्रत्यंचा चढवताना त्याची दमछाक होते. दिव्य अस्त्रे आठवू पाहतो, तर एकही आठवत नाही. जे भाते कधी रिकामे होत नसत ते रिकामे होतात. शेवटी ज्या धनुष्याने खांडववन जाळताना इंद्राला थोपवले होते, त्याच धनुष्याच्या टोकाने तो लाठीवाल्यांना मारत सुटतो. त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया ओढून नेल्या जातात, आणि काही जणी आपल्या इच्छेने गेल्या, असेही संहितेने स्पष्ट सांगितले आहे.

माझ्या वाचनात पराक्रमाचा इतका कठोर शेवट दुसरा नाही. अर्जुनाला कर्णाने हरवले असते तर त्यात भव्यता राहिली असती. इथे समोर कोणी महारथी नाही, अर्जुनावर कोणाचा शाप फळाला आलेला नाही, कपट नाही. ज्याच्या हातून मोठे काम व्हायचे होते ते होऊन गेले आहे आणि माणूस मात्र अजून जिवंत आहे. पुढे व्यास त्याला हेच सांगतात, की अस्त्रांचे काम संपले म्हणून ती गेली.

मी इथे थांबलो, तेव्हा पुढच्या बाकावर बसलेल्या एका आजींनी विचारले, "मंग पुढे काय व्हयनं?" माझे सगळे उत्तर या प्रश्नाभोवती आहे. पुढे असे झाले की अर्जुन उरलेल्या माणसांना घेऊन कुरुक्षेत्रापर्यंत गेला. कृतवर्म्याच्या मुलाला त्याने मार्तिकावतात बसवले, सात्यकीच्या मुलाला सरस्वतीच्या काठी जागा दिली, कृष्णाचा पणतू वज्र याला इंद्रप्रस्थाचे राज्य दिले, म्हाताऱ्यांची आणि मुलांची सोय लावली, आणि हे सगळे आटोपल्यावरच तो व्यासांच्या आश्रमात जाऊन रडला. वादळात बाग गेलेला माणूसही दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पडलेले खांब दूर करतो, कुठला कंद राखता येईल ते पाहतो. विजयाच्या कथेला ही दुसरी सकाळ माहीत नसते, कारण ती जयघोषापाशी संपलेली असते. रावेरच्या काकांना मी हे बोलून दाखवले. त्यांना ते पटले की नाही ते त्यांनी सांगितले नाही, पण अर्जुनाने शेवटी शस्त्रांचे काय केले एवढे त्यांनी विचारले. महाप्रस्थानाला निघाल्यावर अग्नीच्या सांगण्यावरून त्याने गांडीव आणि भाते पाण्यात सोडून दिले, हे मी त्यांना सांगितले.

आता थोडा भेद करायला हवा. पराभव आणि फजिती यांना मी एका मापाने मोजत नाही. अभिमन्यूचा पराभव आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. व्यूहात शिरणे येते, बाहेर पडणे येत नाही, हे तो युधिष्ठिराला स्वतः सांगतो. आम्ही तुझ्या मागोमाग येतो, असे वडीलधारे म्हणतात. आणि एका दिवसासाठी वर मिळालेला जयद्रथ त्यांना दारातच अडवतो. मुलगा मरतो, पण त्याच्यासाठी सारा शिबिर रडतो आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे युद्ध त्याच्या नावाने लढले जाते. अशा पराभवाला मान मिळतो. ज्या धाडसातून काहीच निष्पन्न होत नाही, त्याच्या वाट्याला मान येत नाही आणि अश्रूही येत नाहीत. म्हणूनच लेखकाची खरी कसोटी मला तिथे दिसते.

सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाने ती कसोटी 'डॉन किहोटे'च्या 1615 साली आलेल्या दुसऱ्या भागात दिली आहे. राजाला नजराणा म्हणून चाललेल्या सिंहांची गाडी वाटेत दिसते, आणि स्वतःला जुन्या कथांतला शूर सरदार समजणारा म्हातारा डॉन किहोटे रखवालदाराला पिंजरा उघडायला लावतो. घोडा बुजेल म्हणून तो पायउतार होतो आणि ढाल-तलवार घेऊन दारासमोर एकटा उभा राहतो. बाकीचे सगळे दूर पळालेले असतात. सिंह आळस देतो, जांभई देतो, जिभेने तोंडावरची धूळ पुसतो, बाहेर डोके काढून इकडेतिकडे पाहतो आणि पाठ फिरवून पुन्हा आडवा होतो. एवढेच घडते. आमच्याकडे हा भाग वाचला की मंडळी मनापासून हसतात, आणि हसावेच, लेखकाची तशी इच्छा आहे. परंतु दार उघडले त्या क्षणी सिंह पाठ फिरवणार आहे हे कोणालाच माहीत नव्हते. जो माणूस तिथे उभा राहिला तो सिंह झेप घेणार या खात्रीने उभा राहिला. परिणाम हास्यास्पद निघाला म्हणून मागे जाऊन ते धैर्य कमी करता येत नाही. पराक्रम यशस्वी झाला की आपण यशाकडेच पाहतो आणि धैर्य वेगळे असे दिसतच नाही. सिंहाने पाठ फिरवल्यावर डोळ्यांसमोर तेवढेच उरते.

टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'मधला प्रिन्स आंद्रेई ऑस्टरलिट्झच्या रणभूमीवर निशाण उचलून धावतो. कीर्तीच्या याच क्षणाची त्याने स्वप्ने पाहिलेली असतात. काही पावले गेल्यावर तोफेची साफसफाई करायच्या दांड्यावरून एक रशियन गोलंदाज आणि एक फ्रेंच सैनिक यांच्यात चाललेली झोंबाझोंबी त्याला दिसते, आणि तेवढ्यात मार बसून तो कोसळतो. त्या झोंबाझोंबीचा शेवट पाहायला तो डोळे उघडतो तर वर फक्त उंच आकाश. त्याने पाहायचे होते ते त्याला कधीच दिसत नाही, आणि ज्या नेपोलियनला तो मोठा मानत आला तो त्या आकाशाखाली क्षुद्र वाटू लागतो. हेमिंग्वेच्या कोळ्याची गोष्ट पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने'मुळे तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पोहोचलेली आहे, म्हणून तिच्याविषयी लिहीत नाही.

मुलांना काय सांगावे असे पालक विचारतात, त्यांना मी विराटपर्वातल्या उत्तर नावाच्या राजपुत्राची गोष्ट सुचवतो. राजवाड्यातल्या स्त्रियांपुढे बढाया मारणारा हा राजपुत्र कौरवांची सेना पाहताच रथातून उडी टाकून पळतो, आणि बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनाला त्याच्यामागे धावून त्याला धरून आणावे लागते. मुले खदखदून हसतात. गोष्ट तिथेच सोडू नये, एवढीच माझी विनंती आहे. तोच उत्तर नंतर शमीच्या झाडावर चढून शस्त्रे खाली काढतो, अर्जुनाचा सारथी होतो, आणि कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी हत्तीवरून शल्यावर चाल करून जातो, त्याचे चारही घोडे मारतो आणि शल्याच्या शक्तीने मरतो. पळून गेलेल्या मुलाला महाभारताने परत रणांगणावर आणले, हे मुलांना कळायला हवे.

मात्र प्रत्येक फसलेला पराक्रम मला आवडतो असा समज करून घेऊ नका. वाचकाला धक्का द्यायचा म्हणून शेवटच्या पानावर नायकाला अपघातात मारणारे लेखन मी वाचनालयात आणत नाही. अपयशाचे बीज कथेत आधी पेरलेले असावे लागते, आणि हरलेल्या माणसाबद्दल लेखकाला आस्था असावी लागते.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती खास आपल्या खानदेशची आहे. अहिराणी हे नाव अहिरांवरून आले आणि अहीर म्हणजे जुने आभीर, असे अनेक अभ्यासक मानतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखात आभीर राजा ईश्वरसेनाचे नावही आहे. ज्या आभीरांनी लाठ्या घेऊन अर्जुनाला लुटले, त्यांच्याशी आपल्या बोलीच्या नावाचे नाते निघते. मौसलपर्वात ते लोभी आणि पापी म्हणून येतात, आणि त्यांनी स्त्रियांना ओढून नेले त्याचे समर्थन मी करणार नाही. पण ज्याच्या नावाने साऱ्या पृथ्वीने थरकाप अनुभवला, त्याच्यासमोर नुसती काठी घेऊन उभे राहताना त्यांच्या मनात काय होते, हे कोणीही सांगितलेले नाही. गांडीवाचा टणत्कार ऐकू येईल आणि आपण सगळे मरू, असे त्यांनाही वाटले असणार. पण त्याचे भातेच रिकामे झाले. ही बाजू अहिराणीतून कोणीतरी लिहावी असे मला फार वाटते. लिहिणारे तुमच्यात असतील तर हस्तलिखित वाचनालयात आणून द्या. मी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवीन.