६४ वर सपाट झालेल्या रेषा

रायगडातल्या टेनिस क्रिकेटच्या डे-नाईट स्पर्धा ज्यांनी पाहिल्या नाहीत, त्यांना त्यांच्या लाइव्हचा पसारा सांगून पटत नाही. सकाळी सुरू झालेले सामने फ्लडलाइटमध्ये मध्यरात्रीपर्यंत रंगतात आणि मुंबईतले, आखातातले चाकरमानी जमेल तसं येऊन-जाऊन मोबाइलवर बघत राहतात. अशा एका स्पर्धेच्या प्रक्षेपणाची तांत्रिक बाजू पुण्यातून आमच्याकडे होती. त्या रात्रीचे ग्राफ अजून डोक्यातून जात नाहीत.

मैदानावरचं चित्र आमच्या सर्व्हरवर येतं, तिथे त्याचे चार-चार सेकंदांचे तुकडे होतात आणि ते सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणी ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरच्या जाळ्यावरून, प्रेक्षकांकडे जातात. सीडीएनचं बिल जीबीवर. गावच्या मंडळाला ते झेपत नाही, म्हणून पीअर-टू-पीअरची जोड: एका फोनवर पोचलेला तुकडा तोच फोन वेबआरटीसीने, म्हणजे दोन फोन थेट जोडणाऱ्या तंत्राने, दुसऱ्याला देतो. लाइव्हमध्ये खरी अडचण अशी की सगळ्यांना तोच तुकडा त्याच क्षणी हवा असतो. बफरमध्ये, म्हणजे फोनवर आधीच उतरवून ठेवलेल्या चित्रात, आठ सेकंदांहून कमी उरलं तर थेट सर्व्हरकडे जायचं, जास्त असेल तर दुसऱ्या प्रेक्षकाकडे. आलेल्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे तुकड्यातल्या डेटावरून काढलेली त्याची खूण, जुळवायचा, नाही जुळला तर फेकून द्यायचा. आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांच्या जुन्या पद्धतीवर मोबाइल कंपन्या ढीगभर ग्राहक एकाच पत्त्यामागे ठेवतात, तिथे दोन फोन थेट जोडणं बहुतेकदा फसतं. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर जमतं. कोणाची कोणाशी गाठ घालायची हे ठरवणारा कोड आमच्या टीमने महिनोन्‌महिने घासलाय, आणि त्या दुपारी तो देखणा चालला.

नऊच्या सुमारास प्रेक्षक वाढत असताना पीअरचा वाटा घसरायला लागला. ड्युटीवरचा सहकारी म्हणाला, टॉवरवर लोड असेल. आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की आधी टॉवरवर ढकलायचं, ही फार वाईट खोड आहे. टॉवरवर गर्दी असली की आकडे वेडेवाकडे हलतात. मी एकेका फोनच्या वेगाचा आलेख उघडला. एकामागून एक रेष खाली येत होती आणि एकाच उंचीवर सपाट होत होती, ६४ केबीपीएसच्या किंचित खाली. रोजचा डेटा संपला की वेग तिथेच आणून ठेवतात.

मोबाइल डेटावरही अपलोड चालू राहावं हा अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचा आग्रह होता, बिल कमी दिसावं म्हणून. आमची हरकत ईमेलमध्येच राहिली. हिशोब साधा आहे. दीड एमबीपीएसचं चित्र तासाला ६७५ एमबी खातं. घेतलं तेवढंच दुसऱ्याला दिलं तर दुप्पट, कारण पॅकमध्ये येणारा आणि जाणारा, दोन्ही डेटा मोजला जातो. दिवसाच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये सव्वादोन तास बघता आलं असतं, ते तासाभरात आटोपतं. आणि पॅक संपताना हातात असलेला तुकडा ६४ च्या वेगाने पुढे द्यायला दीड मिनिट लागतं. समोरचा वाट बघून सर्व्हरकडे वळतो. फायनलमध्ये असे सगळे एकदमच वळले.

मी मोबाइलवरचं अपलोड बंद केलं आणि सगळा भार सीडीएनवर घेतला. सामना अडखळला नाही. पण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येत होते, "दादा, नेट संपलं, स्कोअर टाका." ज्यांनी दिवसभर स्वतःचा डेटा इतरांना दिला, त्यांचीच फायनल हुकली. आपण कोणाला काही देतोय हेही त्यांना माहीत नव्हतं. याचा मला मनापासून राग आहे. बारा वाजून गेल्यावर बक्षीस समारंभ चालू असताना त्यातले बरेच फोन परत जोडले गेले. नव्या दिवसाचा पॅक सुरू झाला होता.

मोबाइल डेटावरच्या फोनने फक्त घ्यायचं, द्यायचं नाही, अशी सोय प्लेअरमध्ये आहेच. पण अशा स्पर्धांचा प्रेक्षक जवळपास सगळा मोबाइल डेटावरचा, म्हणजे बिल पुन्हा मंडळाच्या माथी. मी सुचवलंय की लाइव्ह उघडतानाच स्वच्छ मराठीत विचारावं: तुमच्या नेटवरून इतरांना सामना दाखवू का? उत्तर येईपर्यंत अपलोड बंद. कंपनीचं म्हणणं, विचारलं तर कोणीच हो म्हणणार नाही. मला ते पटत नाही. हीच माणसं दरवर्षी स्पर्धेला वर्गणी देतात. घरी वायफाय असलेले तर नक्की हो म्हणतील. मोबाइल डेटावरून हो म्हणणाऱ्यांसाठी तासाला १०० एमबीची मर्यादा मी मागितली आहे, त्यावर अजून घासाघीस चालू आहे.